कणभर की मूदभर

मी पुण्यात पौरोहित्य करतो आणि मला मधुमेह आहे. श्रावणात एकेका दिवशी दोन-तीन सत्यनारायण असतात. प्रत्येक घरी शेवटी द्रोणातून मूद पुढे येते आणि ‘गुरुजी, प्रसादाला नाही म्हणू नये’ असं मलाच ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्याला काय बोलणार? थोड्या वेळापूर्वी पोथीतून मीच तर सांगितलेलं असतं. चौथ्या अध्यायात कलावती नवऱ्याला भेटायच्या घाईत प्रसाद टाकून धावते आणि नौका दिसेनाशी होते. पाचव्यात तुंगध्वज राजा गवळ्यांनी पुढे ठेवलेला प्रसाद तसाच टाकून निघतो आणि शंभर पुत्रांसकट सगळं गमावतो.

आता हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ सालचं म्हणणं असं, की दिवसाच्या ऊर्जेपैकी दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा साखरेतून यावी. पाच टक्क्यांखाली आणता आली तर उत्तम. दोन हजार किलोकॅलरी खाणाऱ्याला हे झाले ५० ग्रॅम आणि २५ ग्रॅम. वरून घातलेली साखर, गूळ, मध सगळं त्यात धरायचं. अख्खं केळं आणि दूध सोडून द्यायचं. रवा, तूप, साखर समान आणि दूध दुप्पट धरलं, तर प्रसादाच्या शिऱ्याचा पाचवा हिस्सा तरी साखरच. शंभर ग्रॅमची मूद म्हणजे वीस ग्रॅम. अशा तीन मुदी, शिवाय प्रत्येक घरचा चहा. आणि हे आकडे धडधाकट माणसाचे. माझे डॉक्टर त्याहून कंजूष आहेत.

मग मी पोथी जरा नीट वाचू लागलो. तुंगध्वजाचं नेमकं काय चुकलं? त्याने कमी खाल्लं म्हणून तो बुडाला नाही. वडाखाली पूजा करणारे गवळी त्याला नमस्काराच्या लायकीचेही वाटले नाहीत, ते त्याला भोवलं. कलावतीला भोवली ती घाई. किती खावं, याबद्दल पोथी एक अक्षर बोलत नाही. माप आहे ते करण्याचं, सव्वाचं. तिथेही सवलत आहेच: गहू नसेल तर तांदळाचं पीठ चालतं, साखर नसेल तर गूळ.

साखरेच्या बाबतीत आपली परंपरा तशी ढिलीच. गीतेच्या सतराव्या अध्यायात राजस आहाराची यादी आहे; तिखट, आंबट, खारट, फार गरम, सगळ्यांवर ठपका, गोड मात्र नामानिराळं. एकादशीला आपण सैंधव शोधतो, साखरेला कोणी अडवत नाही. चरकाने तेवढं बजावलं. प्रमेहाची कारणं म्हणून त्याने बसून राहणं, झोपेचं सुख, दही, नवं धान्य आणि गुळाचे पदार्थ सांगितले. ही यादी वाचून मला हसू आलं. आमच्या व्यवसायाचं याहून अचूक वर्णन कुणी केलं नसेल.

तरी कणभर घेऊन मोकळं व्हावं, एवढं हे सोपं नाही. गीतेच्याच सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. ग्रॅम मोजत बसणाऱ्याचं मनही पातेल्यातच अडकलेलं असतं. गांधीजींच्या आश्रमात अस्वाद हे व्रत होतं: अन्न औषधासारखं घ्यायचं, चवीसाठी नाही. रोजच्या जेवणाला मला ते पटतं, प्रसादाला नाही. औषध म्हणून घेतलं की देणाऱ्याकडे बघायचंच राहून जातं, आणि मग माझ्यात आणि त्या राजात फरक काय उरला?

म्हणून कणभरच घेतो, पण उभ्याउभ्या, रिक्षा बोलावता बोलावता घेत नाही. पाटावर बसतो, हात पुढे करतो, कुणी केलाय ते विचारतो. बहुतेक घरी एवढं पुरतं. काही ठिकाणी वहिनी रुसतात, ‘गोळी घेता ना, मग?’ म्हणतात. एका घरच्या आजी मात्र वाढायला स्वतः उठतात, गुडघे धरून. तिथे माझी मीमांसा चालत नाही. मूद संपवतो आणि रात्रीचा भात सोडतो.

हल्ली यजमानच फोनवर विचारतात, शिऱ्यात साखर कमी घातली तर चालेल का. मी सांगतो, प्रमाण मोडू नका; सव्वा किलोऐवजी सव्वा वाटीचा करा. पोथीचा सव्वा राहतो आणि शेजारीपाजारी डबे पोचवायचेही वाचतात.