चराईची परवानगी कुणी कुणाला द्यायची?

'लोकसहभागातून वनसंवर्धन' हे शब्द व्याघ्र प्रकल्पांच्या अहवालांत आता हमखास सापडतात. गावात जाऊन पाहावे तर त्यांचा अर्थ बहुधा एवढाच निघतो: ढोरं जंगलात सोडायची नाहीत, कुऱ्हाड न्यायची नाही आणि बदल्यात गॅसची शेगडी घ्यायची. तिरोडा तालुक्यातले चोरखमारा नागझिऱ्याच्या तोंडाशीच आहे. पर्यटकांच्या जिप्सी इथल्या गेटातून तिकीट काढून आत जातात. गाईला मात्र तिकीटही मिळत नाही. याला सहभाग म्हणायचे असेल तर घरमालकाने घर रिकामे करून देण्यालाही म्हणता येईल.

गॅस वाईट नाही. सरपणासाठी पहाटे रानात जाणाऱ्या बाईला वाघाची भीती काय असते, ते शहरातल्या टीकाकाराने शिकवू नये. प्रश्न आहे तो शेगडीच्या बदल्यात कुरण सोडायला लावण्याचा.

ब्रँडिस आणि बेडन-पॉवेल यांचा वाद, 1878 चा वनकायदा, चिपको, 1990 चे संयुक्त वनव्यवस्थापन हा प्रवास वाचकांना ठाऊक आहे. नागझिरा 1970 मध्ये अभयारण्य झाले, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आला, हेही. माडगूळकर आणि चितमपल्ली यांनी हे रान मराठी घरांत पोचवले. पण त्या रानावरचा गावाचा हक्क क्वचितच कुणी पोचवला.

सगळे अडखळतात ते 2006 च्या वनहक्क कायद्यापाशी. बाजूने बोलणारे म्हणतात, सरकारने आदिवासींना जंगल दिले. विरोधक म्हणतात, सरकारने जंगल वाटून टाकले. दोघांचेही 'दिले' चुकीचे आहे. कलम 3 मध्ये निस्ताराचा हक्क नावानिशी आहे, आणि त्याला जोडून संस्थाने व जमीनदारीतल्या जुन्या हक्कांचाही उल्लेख आहे. नागपूर-भंडाऱ्याकडच्या माणसाला निस्तार समजावून सांगावा लागत नाही. मालगुजारीच्या काळात सरपण, घरासाठी लाकूड आणि ढोरांची चराई रयतेच्या निस्तारात येई. मालगुजार कितीही जुलमी असला तरी ही वहिवाट त्याला मानावी लागे. 1951 मध्ये मध्य प्रांतातली मालगुजारी गेली आणि रान सरकारकडे आले. कुळांच्या दृष्टीने ती मुक्तीच होती. रानाच्या बाबतीत मात्र मालक बदलला, आणि नवा मालक वहिवाटीचा हक्क सवलत म्हणून मोजू लागला. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रकाची, म्हणजे गावाच्या निस्तारहक्कांच्या नोंदीची, तरतूद राहिली. हक्क कागदावर जिवंत होता, व्यवहारात मेला. म्हणून 2006 चा कायदा नवे काही देत नाही. 1951 नंतर बुडालेले तो मान्य करतो. कलम 3 मध्येच चराईही आहे, स्थायिकांची आणि भटक्या पशुपालकांचीही. आणि हा कायदा अभयारण्यांनाही लागू आहे, हे तर जाणूनबुजून विसरले जाते.

चराईचा विषय निघाला की गोवारी आठवायला हवेत. झाडीपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या गावाची ढोरं राखणारा हा समाज. दिवाळीतले गायगोधन त्यांच्याशिवाय होत नाही. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात विधिमंडळावर काढलेल्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत 114 गोवारी मेले. मागणी अनुसूचित जमातीच्या दर्जाची होती. 2018 मध्ये उच्च न्यायालयाने ती मान्य केली, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. वनहक्काच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ढोरं राखण्यातच ज्यांची हयात गेली त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. आदिवासींना ही अट नाही.

ढोरं राखणाऱ्या आफ्रिकेतल्या मसाईंचे उदाहरण आपल्याकडे संस्कृतीच्या कौतुकासाठी दिले जाते. ते मालकीसाठी द्यायला हवे. टांझानियात सेरेंगेटी सोडायला लावलेल्या मसाईंना 1959 मध्ये गोरोंगोरो दिले गेले, आणि तिथेही आता त्यांच्यावर निघून जाण्याचा दबाव आहे. जून 2022 मध्ये लोलिओंडोत 1500 चौरस किलोमीटर कुरणावर हद्दीचे खांब रोवताना पोलिसांशी संघर्ष झाला. शेजारच्या केनियात, मसाई माराभोवती, जमीन मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. तिथल्या पर्यटन कंपन्या त्यांना भाडे देतात, आणि चराईच्या अटी वाटाघाटीने ठरतात. तिथेही तक्रारी आहेतच. पण वाटाघाटीला बसण्याची ऐपत सातबाऱ्यासारख्या कागदातून आली आहे, लोकसहभागाच्या कार्यशाळेतून नाही.

आपल्याकडे त्या कागदाचे नाव सामूहिक वनहक्क. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर तो मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकारही. नागझिऱ्याभोवतीच्या ग्रामसभांनी गॅसच्या यादीवर सही करण्याआधी असाच दावा करण्यासाठी पुरावा म्हणून तहसीलमधून आपल्या गावाचे निस्तारपत्रक मागवावे. नकाशे आणि नोंदी पुरवणे हे उपविभागीय समितीचे काम आहे, आणि कायद्याने दाव्यासाठी शेवटची तारीख घातलेली नाही.