कधीच न चालवलेल्या गाडीची ओढ

ज्या गाडीवर आपण कधी बसलो नाही, तिची आठवण येऊ शकते का? प्रश्न विचित्र वाटेल, पण कुठल्याही आरएक्स १०० च्या व्हिडिओखाली विशी न ओलांडलेली मुलं काय लिहितात ते बघा. 'ते दिवस परत येणार नाहीत.' कुठले दिवस? यामाहाची ही गाडी भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. ती बंद झाली तेव्हा या मुलांचा जन्मही झाला नव्हता. तरी तीस सेकंदांत किक बसते, सायलेन्सरमधून तो 'टर्रर्र' आवाज येतो आणि मुलगा हळवा होतो.

अमेरिकेत हाच प्रकार 'मसल कार'च्या बाबतीत चालतो. १९६४ च्या सुमारास पाँटिअ‍ॅक जीटीओ, फोर्ड मस्टँग अशा गाड्या आल्या. जीटीओची युक्ती सोपी होती: मध्यम आकाराच्या साध्या गाडीत भलंमोठं व्ही-८ इंजिन बसवायचं आणि कामाला लागलेल्या पोराला परवडेल अशा किमतीत विकायचं. प्रदूषणाचे नियम, महागलेला विमा आणि १९७३ चं तेलसंकट यांनी तो काळ संपवला. तेव्हाची पोरं आता सत्तरी ओलांडून गेलीत. आपल्यानंतर या गाड्यांना कोण विचारणार, ही त्यांची काळजी. म्हणून जुनी गाडी भंगारातून काढून पुन्हा धावती करण्याचे व्हिडिओ तरुणांसाठी बनतात, आणि ते आपल्या फोनवरही येतात.

आपल्याकडे तशा गाड्या कधी रस्त्यावर दिसल्याच नाहीत. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना होता, तो १९५४ साली बंद झाला. त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्या रस्त्यांवर प्रामुख्याने अँबेसेडर आणि फियाट. तरुणांची वेगाची हौस दोन चाकांवर भागली. येझदी, राजदूत ३५० आणि सगळ्यांत जास्त आरएक्स. फक्त ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर आणि शंभर किलोच्या आसपास वजन. आमची मसल कार हीच.

आता मूळ प्रश्न. व्हिडिओ बघून आलेली ही ओढ खोटी आहे का? मोठी माणसं पटकन म्हणतात, 'यांनी गाडी बघितली तरी आहे का?' मला हा आक्षेप पटत नाही. रायगडावर उभं राहून ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांतल्या कुणी शिवकाल पाहिलाय? गेलेल्या काळाबद्दलचं आपलं बहुतेक प्रेम ऐकीव असतं. पूर्वी ओट्यावर बसून आजोबा सांगायचे, आता फोन सांगतो. सांगणारा बदलला म्हणून प्रेम नकली ठरत नाही. पण प्रत्येक सांगणारा काहीतरी वगळतो, आणि फोन काय वगळतो ते तपासायला हवं.

तो आवाजच घ्या. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एक. म्हणून एवढंसं इंजिन इतका जोर करतं आणि आवाज असा सलग फाटत जातो. या इंजिनाला वर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नसतात, सिलिंडरच्या भिंतीतच भोकं असतात. जळलेला वायू बाहेर जात असतानाच ताजं पेट्रोल आत येतं आणि त्यातलं काही न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. सोबत ऑइलही जळतं. तो निळसर धूर म्हणजे हे सगळं. ज्या रचनेमुळे 'फायरिंग' कानाला गोड लागतं, तीच रचना मागच्या माणसाच्या छातीत धूर भरते. व्हिडिओत आवाज येतो, धूर छान दिसतोही, पण वास येत नाही आणि खोकला तर नाहीच नाही.

व्हिडिओ आणखी एक गोष्ट वगळतो, ती कोरीटला आमच्याच घरी दिसली. नंदुरबार जिल्ह्यातलं हे आमचं गाव. काकांकडे १९९४ ची आरएक्स आहे. तिने दुधाचे कॅन वाहिलेत, मिरचीची पोती वाहिलीत, आजीला दवाखान्यात नेलंय. दोन वर्षांपासून ती गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाटाखाली उभी होती. चुलत भाऊ बारावीला आहे. त्याला या गाडीची सगळी आकडेवारी पाठ, पण किक कधी मारलेली नाही. उन्हाळ्यात त्याने गाडी धुतली, पुसली, टाकीवर उन्हाची तिरीप येईल असा कोन साधला आणि मागे एक गाणं टाकून व्हिडिओ चढवला. आठवडाभरात नाशिकहून एका तरुणाचा फोन आला. गाडी आहे तशी घेतो म्हणाला. बंद असली तरी चालेल. रक्कम अशी सांगितली की काका दोन वेळा विचारून खात्री करत राहिले.

त्याच महिन्यात काकांच्या बोअरची मोटर जळाली होती.

भाऊ मला फोनवर म्हणाला, 'दादा, तू पप्पांना सांग ना, नको विकू म्हणावं.' मी काकांशी बोललो. ते शांतपणे म्हणाले, 'बेटा, गाडी उभी आहे. पिकाला पाणी पाहिजे. हा पोरगा तिच्याकडे बघतो, एवढंच करतो.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथे बघण्याची किंमत कळते. लाखो लोक एखादी वस्तू नुसती बघत राहिले की तिचा भाव चढतो. भाव चढला की ती वापरणाऱ्याच्या दारातून निघते आणि परवडणाऱ्याच्या दारात जाते. नाशिकच्या त्या तरुणाची चूक नाही, तो गाडी कदाचित आमच्यापेक्षा चांगली सांभाळेल. पण दूधवाल्याची, शेतकऱ्याची, गॅरेजवाल्याची गाडी काचेमागची होत जाते, आणि ते घडवण्यात तिच्यावर प्रेम करणाऱ्यांचाच हात असतो. भावाच्या व्हिडिओनेच भावाच्या गाडीला गिऱ्हाईक आणलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून यामागचं गणित मला ओळखीचं आहे. व्हिडिओ किती सेकंद बघितला हे मोजता येतं. बघणाऱ्याने नंतर घरातल्या बंद गाडीचा प्लग काढून पाहिला का, हे मोजता येत नाही. जे मोजता येतं तेच वाढवलं जातं. त्यामुळे चकचकीत टाकी आणि किकचा आवाज वर येतो, गंजलेला नट सोडवण्यात गेलेली दुपार खाली जाते.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. तिची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि टॅक्सीला २० वर्षांची मुदत असते. त्या दिवसांत फोनवर किती निरोप आले आठवा. काळी-पिवळीचे फोटो, जुन्या सिनेमातले तुकडे. निरोप मनापासूनचे होते. पण त्या टॅक्सीचा स्टिअरिंगजवळचा गिअर कसा टाकायचा, भर उन्हात गरम झालेलं इंजिन कसं शांत करायचं, हे ज्यांच्या हातात होतं ते चालक आणि मेस्त्री त्या निरोपांत क्वचितच दिसले. गाडीपाठोपाठ ते हातही निघून जातात, आणि हातांचा फोटो काढायचं कुणाला सुचत नाही.

याउलट आमच्याच जिल्ह्यात, तापीकाठी सारंगखेड्याला बघा. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार. गेल्या काही वर्षांत तिथे चेतक फेस्टिव्हलही होतो. घोड्याची प्रवासासाठीची गरज संपून जमाना झाला. राणा प्रतापांच्या चेतकचं नाव तर आपण स्कूटरलाही देऊन मोकळे झालो. तरी लांबलांबून लोक घोडे घेऊन येतात. तिथेही आता प्रत्येकाच्या हातात फोन असतो, महागड्या घोड्यांचे व्हिडिओ गाजतात. पण घोड्यावरचं प्रेम बघण्यावर थांबूच शकत नाही, कारण घोड्याला रोज चारा लागतो. दात बघून वय ओळखणं, खूर तपासणं, चाल बघणं ही विद्या बापाकडून मुलाकडे जाते, कारण त्यावाचून जनावर जगत नाही. आरएक्स मात्र चारा मागत नाही. गोणपाटाखाली ती दोन वर्षं गप्प उभी राहते आणि आपल्याला वाटतं, आपलं प्रेम शाबूत आहे.

म्हणून माझ्यापुरता निकष असा: ओढ कुठून आली याने फरक पडत नाही. ती तुमच्याकडून काही मागते का, याने पडतो. आणि तिने मागितलेलं देताना दुसऱ्याचं काही हिरावलं जाऊ नये. जुनी गाडी आवडते म्हणून सायलेन्सर फोडून रात्री गल्लीत फिरवायचा हक्क मिळत नाही. शेजारच्या दमेकरी आजींना आपल्या हळवेपणाशी घेणंदेणं नसतं. २०२१ च्या केंद्राच्या नियमांत यातला थोडा शहाणपणा आहे. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात ठेवलेल्या खासगी गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते, पण त्या रोजच्या वापरासाठी नाहीत. ठेवा, चालत्या ठेवा, पण मोजक्या चालवा. पहिल्या आरएक्सना ५० वर्षं पूर्ण व्हायला २०३५ उजाडेल. तोवर त्या चालत्या ठेवायच्या तर कुणाला तरी इंजिन खोलता यायला हवं.

हे शिकवायलाही व्हिडिओच उपयोगी पडतो. काकांचं 'एवढंच करतो' भावाच्या जिव्हारी लागलं होतं. त्याने शोधून एक व्हिडिओ काढला. चाळीस मिनिटांचा, गाणं नाही, सांगणाऱ्याचा चेहराही दिसत नाही. फक्त दोन काळे हात कार्बोरेटर खोलताना दिसतात. भाषा तमिळ, भावाला एक शब्द कळत नव्हता. पण जेटमधून बारीक तार कशी फिरवायची, फ्लोट अडकलाय हे कसं ओळखायचं, हे हातांकडे बघून कळत होतं. टाकीतलं जुनं पेट्रोल त्याने काढून टाकलं. गावातल्या मेस्त्रीने एकच गोष्ट बजावली: ऑइल पंपाच्या नळीत हवा राहिली तर पिस्टन जॅम होईल, आधी ती काढ. हे व्हिडिओत नव्हतं. दोन रविवार गेले, अंगठ्याचं साल निघालं, आणि तिसऱ्या रविवारी पंधरा-वीस किकांनंतर गाडीने धूर सोडला. काकू आतून ओरडल्या, 'अरे, वाळत घातलेल्या कपड्यांवर धूर येतोय!' त्याने गाडी ढकलत शेताच्या वाटेला नेली.

या वेळी त्याने व्हिडिओ काढला नाही, हात ऑइलने माखले होते.

काकांनी नाशिकच्या तरुणाला अजून नाही म्हटलेलं नाही, दिवाळीनंतर फोन करायला सांगितलंय. मोटर उसनवारीवर भरून आणली आहे आणि ते पैसे फेडायचे आहेत. गाडी जाईलही. गेली तर भावाला वाईट वाटेल, आणि ते वाटणं आता ऐकीव नसेल. पण कार्बोरेटर खोलता येणारा एक मुलगा कोरीटमध्ये उरेल, आणि पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाड्या गावात अजून पुष्कळ आहेत.