वडिलांची गोष्ट चित्रांत काढावी काय?

चित्रकथा म्हटली की आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना मुंबईचे दिवस आठवतात. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले आणि फँटमने पोरांना वेड लावले. १९६७ साली अनंत पै यांनी अमर चित्रकथा काढली. तेव्हा आईबापांनाही बरे वाटले, कारण त्यात पुराणे होती, राजे व संत होते. एकंदरीत चित्रकथा ही मुलांची वस्तू, अभ्यास झाल्यावर वाचायची, असा सर्वांचा समज होता व पुष्कळांचा तो अजूनही आहे.

पण गेल्या पन्नास वर्षांत या प्रकाराने निराळेच वळण घेतले आहे. खऱ्या माणसांची खरी आयुष्ये, तीही दुःखाची, लोक चित्रांच्या चौकटींतून सांगू लागले आहेत. केइजी नाकाझावा हे जपानी गृहस्थ हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचे होते. वडील, बहीण व भाऊ त्यात गेले. १९७३ पासून त्यांनी मुलांच्याच एका साप्ताहिकात ती हकीकत चित्ररूपाने सांगितली. आपल्या भारतात दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकार दांपत्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आयुष्य 'भीमायन' या पुस्तकात २०११ साली चितारले. त्यात प्रेमाचे बोल पक्ष्याच्या आकारात आहेत आणि जिव्हारी लागणाऱ्या बोलांना विंचवाची नांगी आहे. तहानलेल्या मुलाला पाणी नाकारणारी जीभ कशी असते हे समजण्यास मग वेगळे व्याख्यान लागत नाही.

या सर्वांत आपणा यहुद्यांना सर्वांत जवळचे पुस्तक म्हणजे आर्ट स्पिगलमन यांचे 'माऊस'. जर्मन भाषेत माऊस म्हणजे उंदीर. लेखकाचे वडील व्लादेक व आई आन्या हे पोलंडचे यहुदी. दोघेही आऊश्वित्झमधून जिवंत बाहेर पडले. पहिला मुलगा मात्र युद्धात गेला. आर्ट यांचा जन्म १९४८ साली स्टॉकहोम येथे झाला व ते अमेरिकेत वाढले. त्यांनी वडिलांना समोर बसवून त्यांची हकीकत ध्वनिफितीवर घेतली आणि चित्रांत उतरवली. पुस्तकाचा पहिला भाग १९८६ मध्ये व दुसरा १९९१ मध्ये निघाला. १९९२ साली त्याला पुलित्झरचे खास पारितोषिक मिळाले. हिब्रूतही त्याचे भाषांतर झालेले आहे. यात यहुदी उंदीर आहेत, जर्मन मांजरे आहेत, पोलिश लोक डुकरे आहेत, तर अमेरिकन कुत्रे.

आता पहिला प्रश्न असा की, साठ लाख माणसांच्या मरणाची गोष्ट उंदीरमांजरांच्या चित्रांत सांगणे शोभते काय? नाझी लोक आपणास उंदीर म्हणत. तेच रूप यहुदी मुलाने आपल्या बापाला द्यावे काय?

आमचे मत असे की, दोष प्रकारात नसतो. आपल्याच पूर्वजांकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी कीर्तनाचा प्रकार उचलला आणि तनाखातील आख्याने मराठीतून लावली. पेटी होती, तबला होता, मधूनमधून हशाही होता. त्यामुळे ती आख्याने हलकी झाली नाहीत, उलट ज्यांना हिब्रू येत नव्हते अशा आयाबायांच्या काळजात जाऊन बसली. १८७४ साली पुण्यास छापलेली हिब्रू-मराठी हग्गादा ज्यांनी पाहिली असेल, त्यांना तीतील मत्सा करणाऱ्या स्त्रियांचे चित्र आठवेल. त्या स्त्रियांनी लुगडी नेसलेली आहेत. मिसरातून सुटल्याची गोष्ट आणि तिच्या शेजारी आपल्या घरातल्या बायकांचे चित्र, यात कोणास काही वावगे वाटले नाही.

प्राण्यांच्या तोंडांचेही तसेच. यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये सुमारे १३०० साली दक्षिण जर्मनीत हाताने लिहिलेली एक हग्गादा आहे. तीत सेदेरला बसलेल्या यहुद्यांना माणसांचे धड आणि पक्ष्यांचे डोके आहे. असे का केले याविषयी पंडितांत एकमत नाही. मानवी चेहरा काढू नये म्हणून केले असेल, असे पुष्कळ जण म्हणतात. कारण काही असो, चोच पाहून त्या माणसांची कोणी थट्टा करीत नाही. 'माऊस'मध्ये व्लादेक पोलिश असल्याचे सोंग घेऊन बाहेर पडतो तेव्हा त्याने डुकराचा मुखवटा बांधलेला दिसतो. दुसऱ्या भागात तर लेखकाने स्वतःलाही टेबलाशी बसलेला माणूस म्हणून काढले असून तोंडावर उंदराचा मुखवटा आहे. उंदीरपण हे वरून लादलेले आहे, आतला माणूस माणूसच आहे, हे ती मुखवट्याची दोरी सांगून जाते. सर्वांना ते पटले असे नव्हे. आपणास डुकरे दाखवल्याचा पोलंडमध्ये अनेकांना राग आला, आणि तो राग अगदीच निष्कारण होता असे आम्ही म्हणणार नाही.

दुसरा प्रश्न खरेपणाचा. हाताने काढलेले चित्र म्हणजे फोटो नव्हे. मग त्याला खरे कसे म्हणावे? १९९१ साली न्यूयॉर्क टाइम्सने हे पुस्तक खपाच्या यादीत कल्पित साहित्यात घातले. लेखकाने पत्र लिहून हरकत घेतली व ते नाव सत्यकथांच्या यादीत हलवले गेले. आम्हास यापेक्षा पुस्तकातील एक प्रसंग महत्त्वाचा वाटतो. छावणीच्या फाटकाशी कैद्यांचा वाद्यवृंद वाजत असे, असे कागदोपत्री नमूद आहे. मुलगा वडिलांना त्याविषयी विचारतो. ते म्हणतात, वाद्यवृंद मला आठवत नाही. लेखकाने काय केले? एका चौकटीत वादक काढले. पुढच्या चौकटीत कूच करणाऱ्या कैद्यांची रांग त्यांच्यापुढे अशी काढली की वादक झाकले जातात, वाद्यांची टोके तेवढी दिसतात. वडिलांची आठवणही राहिली आणि इतिहासही राहिला. वडिलांना खोटे पाडले नाही आणि वाचकालाही फसवले नाही. खरेपणा म्हणतात तो याला, असे आम्हास वाटते. ज्याला सर्व काही ठाऊक आहे असे दाखवणाऱ्या लेखकापेक्षा, येथे दोन गोष्टी जुळत नाहीत असे दाखवणारा लेखक अधिक विश्वासाचा.

आता तिसरा प्रश्न, आणि आमच्या मते हाच खरा कठीण. मुलाने बापाचे दोष जगापुढे मांडावे काय?

'माऊस'मधील व्लादेक हा काही संत नाही. तो कमालीचा चिकट आहे. अर्धे खाल्लेले खाद्यपदार्थ तो दुकानात परत देऊन येतो. दुसऱ्या बायकोला टाकून बोलतो. स्वतः वंशद्वेषाच्या आगीतून निघालेला हा माणूस रस्त्यात एका काळ्या माणसाला मोटारीत घेतले म्हणून कुरकुर करतो. मुलाने हे सर्व काढले आहे. त्याहून पुढची गोष्ट अशी. व्लादेकने तरुणपणच्या एका मैत्रिणीची हकीकत सांगितली आणि म्हटले की ही खासगी बाब आहे, हिटलरशी तिचा संबंध नाही, ती पुस्तकात घालू नकोस. मुलाचे म्हणणे, अशा गोष्टींनीच माणूस खरा वाटतो. शेवटी त्याने वचन दिले. ती मैत्रीण पुस्तकात आहे आणि ते वचनही पुस्तकात आहे. व्लादेक १९८२ साली वारले. पुस्तकरूपाने हे सर्व त्यांनी पाहिले नाही.

आईबापांचा मान राख, ही आज्ञा आपण लहानपणापासून पाठ केलेली आहे. तिच्याशी हे कसे जुळवावे? बेरेशीतच्या नवव्या अध्यायात नोहा द्राक्षारस पिऊन तंबूत उघडा पडला. हामने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम व याफेथ यांनी खांद्यावर वस्त्र घेतले, पाठमोरे चालत गेले आणि बापाला झाकले. बापाकडे पाहिलेसुद्धा नाही. शाप हामच्या वंशाला मिळाला, आशीर्वाद झाकणाऱ्यांना. यावरून झाकावे हाच धडा दिसतो. परंतु वाचकहो, ही गोष्ट आपणास सांगितली कोणी? तोरानेच. ज्या बापाला दोन मुलांनी झाकले त्याची ती अवस्था आपण दरवर्षी सिनेगॉगमध्ये मोठ्याने वाचतो. दावीद राजाचेही तसेच. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात बथशेबाचे प्रकरण सविस्तर आहे, आणि दिवरे हय्यामीम या पुस्तकात त्याच युद्धाची हकीकत असूनही ते प्रकरण गाळलेले आहे. आपल्या पूर्वजांनी एक पुस्तक ठेवून दुसरे टाकून दिले नाही. झाकणारे व सांगणारे दोन्ही ठेवले.

तेव्हा फरक सांगण्या-न सांगण्याचा नसून हेतूचा आहे. हामच्या सांगण्यात तंबूबाहेरची मौज होती, असा आम्ही अर्थ घेतो. तोरा सांगते ती आपण शहाणे व्हावे म्हणून. व्लादेकची चिकाटी व चिकटपणा ही एकाच दोरीची दोन टोके आहेत. ज्या सवयीने छावणीत पावाचा तुकडा जपून जीव वाचवला, तीच सवय न्यूयॉर्कमध्ये सुनेला व मुलाला नकोशी झाली. हे झाकले असते तर छळाने माणूस थोर होतो असा खोटा धडा आपण घेतला असता. छळाने माणूस थोर होतोच असे नाही, तो जखमी मात्र होतो. एवढे समजावे म्हणून बापाचे दोष काढले असतील, तर ती लाशोन हारा नव्हे.

मात्र मोडलेल्या वचनाचे समर्थन आम्ही करणार नाही. पुस्तक कितीही थोर झाले तरी दिलेला शब्द तो शब्द. मुलाने त्याच वेळी 'बाबा, असे वचन मला देता येणार नाही' असे म्हणावयास हवे होते. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, आपला दोषही त्याने बापाच्या दोषांइतकाच उघडपणे चितारला.

पण तराजूचे दुसरे पारडेही पाहा. आन्याने युद्धानंतर आपल्या आठवणी वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. पुढे मुलाला यात रस वाटावा, अशी तिची इच्छा होती. १९६८ साली तिने स्वतःच्या हाताने जीवन संपवले. मुलगा त्या वह्या शोधत राहिला. पहिल्या भागाच्या शेवटी व्लादेक कबूल करतो की दुःखाच्या भरात आपण त्या जाळून टाकल्या. मुलगा बापाला खुनी म्हणतो. शब्द फार कडक आहे. पण आन्याचा आवाज त्या पुस्तकात कोठेच नाही, आणि आता कोणीही तो परत आणू शकणार नाही. बाप वह्या जाळतो, मुलगा वचन मोडतो. दोन्ही चूकच. परंतु मोडलेल्या वचनाबद्दल वाद घालता येतो, जळालेल्या वहीबद्दल काहीच करता येत नाही.

यावरून आम्ही एक सीमा आखतो. माणसाचे गुपित हे त्याचे स्वतःचे. ते नको म्हणाले तर मुलांनी मागू नये व मांडू नये. परंतु पुष्कळांनी मिळून जे सोसले, त्याची साक्ष एकट्याची मालमत्ता नव्हे. ती जाळण्याचा हक्क कोणासही नाही, घरच्यांनाही नाही.

ही सीमा आपल्या समाजालाही लागू आहे. पहिल्या वर्षांतील तंबू व झोपड्या, बेरशेबा, दिमोना, अश्दोद व लोद येथे नव्याने मांडलेले संसार, १९६२ ते १९६४ या काळात विवाहाच्या प्रश्नावरून आपल्या लोकांनी दिलेला लढा, हे सर्व ज्यांनी पाहिले ते आता थोडे उरले आहेत. पुष्कळ घरांत 'जाऊ दे, कशाला जुने उगाळायचे' असे म्हणून गोष्ट बंद केली जाते. आणि सांगितली जाते तेव्हा अमर चित्रकथेसारखी, ज्यात आपले आजोबा कधी चुकलेच नाहीत, कधी घाबरले नाहीत, कधी भारतात परत जावे असे त्यांना वाटलेच नाही. अशा आजोबांना नातवंडे नमस्कार करतील, पण ओळखणार नाहीत.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. मराठी वाचता येत नसेल तरी हातात पेन्सिल आहे. आजीला जे आठवते ते काढा. तिला जे आठवत नाही तेही, ते आठवत नाही असे दाखवून काढा. जे ती सांगू नको म्हणेल ते सोडा. आणि वडील मंडळींना विनंती की, 'त्यात काय सांगायचे' म्हणून उठून जाऊ नका. नातवंड समोर कागद घेऊन बसले असेल, तर गुपिते ठेवा आपल्यापाशी, साक्ष मात्र द्या.