गोळीने एकादशी मोडते का?

सकाळी रिकाम्या पोटी दोन कप चहा. दुपारी दाण्याचे कूट आणि तूप सढळ हाताने घातलेली साबुदाण्याची खिचडी. संध्याकाळी बटाट्याचा तळलेला चिवडा, रात्री उशिरा भगर आणि दाण्याची आमटी. मग मध्यरात्री छातीत जळजळ सुरू होते, आंबट ढेकर येतात, कडवट पाणी घशाशी येते. पित्ताची गोळी उशाशीच असते, पण ती घेतली तर उपास मोडेल या भीतीने हात मागे येतो. माणूस पहाटेपर्यंत उठून बसतो. घरातले कुणी वडीलधारे समजूत घालतात, "देव परीक्षा बघतोय."

मराठी घरांना ही रात्र नवी नाही. तिच्यात एक गंभीर धार्मिक प्रश्न दडलेला आहे. व्रताच्या दिवशी शरीराची आग झाली, तर त्याने पुण्य वाढते का?

आधी ही आग कुठून येते ते पाहू. जठरातले आम्ल फार तीव्र असते. जठराला आतून चिकट पदार्थाचे अस्तर असल्याने ते तिथे बाधत नाही. अन्ननलिकेला असे जाड अस्तर नसते. दोहोंच्या मध्ये स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर चढते आणि अन्ननलिकेला चटका बसतो. तेलकट, तुपकट अन्न जठरात जास्त वेळ राहते आणि झडपही ढिली करते. दिवसभराची भूक रात्री एकदम भागवली की पोटावरचा दाब वाढतो. त्यात लगेच आडवे झाले की आम्ल खाली राहायला गुरुत्वाकर्षणाची मदतही उरत नाही. पोटाचा वाढलेला घेर, घट्ट कपडे, धूम्रपान यांनी त्रासात भरच पडते.

म्हणजे या रात्रीची जळजळ बहुतेक वेळा ताटातून येते, आणि त्या ताटाबद्दल गीता स्पष्ट बोलते. सतराव्या अध्यायात अति आंबट, अति खारट, अति तिखट आणि दाह करणारे अन्न राजस म्हटले आहे आणि ते दुःख व रोग देते असे सांगितले आहे. त्याच अध्यायात, शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून जे देहाला कष्टवतात, ते देहात राहणाऱ्या परमेश्वरालाही कष्टवतात, असे म्हटले आहे. सहावा अध्याय सांगतो, योग अति खाणाऱ्याला साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही.

गोळीचा प्रश्न तर महाभारतात सरळच सुटला आहे. उद्योगपर्वातल्या विदुरनीतीत व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींची यादी आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध यांच्यासोबत त्या यादीत औषधही आहे.

आणि 'उपासाचे पदार्थ' म्हणून ज्यांना आपण इतके जपतो, ते तरी किती जुने? साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे चारही अमेरिका खंडातून आले. पोर्तुगीज समुद्रमार्गाने येण्याआधी भारतात यांतले काहीच नव्हते. एकादशी त्याहून कितीतरी जुनी आहे. खिचडीत दाण्याचे कूट किती, हे कोणत्याही स्मृतीने ठरवलेले नाही. ते घराघराने ठरवले, म्हणून घराला ते बदलताही येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. थोडे कष्ट नसतील तर व्रत कसले? भूक सोसण्यात संयमाचे शिक्षण आहे, हे खरेच. 'उपवास' या शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणे असा आहे. पोट हलके असेल तर नामात मन रमते. पण छाती धरून बसलेल्याचे सारे लक्ष घड्याळाकडे असते. कुराणही आजारी माणसाला रमजानच्या रोज्यातून सूट देते. बोधी मिळण्याआधी बुद्धांनीही सहा वर्षांचे देहदंडन सोडून सुजाताची खीर स्वीकारली होती.

तेव्हा ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी एकादशी सोडू नये, तिचे ताट बदलावे. रिकाम्या पोटी चहा टाळावा. केळे, पपई, दूध, उकडलेले रताळे यांतले जे सोसते ते थोडे थोडे घ्यावे. रात्रीचे खाणे झोपण्यापूर्वी तीन तास उरकावे, डाव्या कुशीवर झोपावे, पलंगाची उशाकडची बाजू सहा इंच उंच करावी. जळजळ आठवड्यातून दोनदा किंवा जास्त होत असेल, तर स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने गोळ्या न घेता डॉक्टरांना दाखवावे. गिळताना अन्न अडकणे, वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा शौचास काळी होणे ही लक्षणे असतील तर एक दिवसही थांबू नये. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ते पित्त समजून घरी बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. येत्या एकादशीच्या रात्री कुणी जळजळीने उठून बसले, तर त्याच्या हातात गोळी आणि पाण्याचा पेला तुम्हीच द्या.