मनातला विटाळ

आमच्या कोकणातल्या घराच्या मागच्या पडवीत, उजव्या हाताच्या कोनाड्यात, एक कपबशी पालथी घातलेली असे. लाकडं फोडायला येणाऱ्या माणसाची ती. आजी वरून चहा ओतायची, किटली कपाला लागू न देता. चहा पिऊन झाला की तो स्वतःच कपबशी विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात पालथी घालायचा. आजीनं त्याच्यावर कधी आवाज चढवला नाही. त्याची पोर तापानं फणफणली होती तेव्हा काढ्याचं सामान आणि पायलीभर तांदूळ तिनं स्वतः बांधले, पडवीच्या कडेला ठेवले आणि त्यानं ते तिथून उचलून नेले. ‘देवमाणूस आहे हो,’ असं ती त्याच्याबद्दल म्हणायची. आणि त्याच्या शिवण्यानं विटाळ होतो, असंही मानायची.

आजीनं काय वाईट केलं, असं विचारलं तर पटकन सांगता येतं: कप वेगळा ठेवला. मला छळणारा प्रश्न त्याच्या मागचा आहे. समजा तिनं कप वेगळा ठेवलाच नसता. मुलांच्या भिडेनं किंवा कायद्याच्या धाकानं घरच्याच कपातून चहा दिला असता, आणि विटाळाची समजूत मात्र मनात तशीच जपली असती. मग तिच्याकडे बोट दाखवायला काही उरलं असतं का? कृतीत न उतरलेली नुसती समजूत बाळगणं, हाच अपराध असू शकतो का?

बरीच सुजाण माणसं याला ‘नाही’ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. समजूत कुणी बाजारातून निवडून आणत नाही. बोलायला यायच्या आधीच ती अंगात मुरलेली असते. जे आपल्या हातात नाही त्याचा दोष कसा द्यायचा? आपला कायदाही याच वाटेनं जातो. घटनेचं सतरावं कलम अस्पृश्यता नष्ट करतं आणि तिचं आचरण गुन्हा ठरवतं. पंचविसावं कलम सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा घ्या. त्याच्या अनुसूचीत कृत्यांची यादी आहे, श्रद्धांची नाही. कायद्याचा हा संयम मला मनापासून मान्य आहे. माणसाच्या मनात डोकावून शिक्षा देणारं सरकार कुणालाच नको. पण कायदा जिथे थांबतो तिथे नीतीनंही थांबावं, असं कुठे आहे?

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८७७ मध्ये या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यातला जहाजमालक प्रसिद्ध आहे. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. मालकाच्या मनात शंका. पण आजवर इतक्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, असं तो मनाला पटवत राहतो आणि शेवटी त्याला ते खरंच पटतं. जहाज माणसांसकट बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, जहाज बुडालं नसतं तरी तो तेवढाच दोषी होता. कारण समोर असलेल्या पुराव्यावरून तसं मानायचा त्याला हक्कच नव्हता.

मला यातलं ‘मनाला पटवत राहणं’ महत्त्वाचं वाटतं. समजूत निवडता येत नाही हे खरं, पण ती राखावी लागते. आडव्या येणाऱ्या गोष्टींकडे पाठ फिरवावी लागते, आणि पाठ फिरवणं ही आपलीच करणी. पण क्लिफर्ड पुढे जाऊन अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं सदासर्वत्र चूक ठरवतो, तिथे माझी त्याच्याशी फारकत होते. खंडोबा आपल्या हाकेला धावतो असं मानणारी म्हातारी पुरावा देऊ शकत नाही. ती कुणाचीही अपराधी नाही. विटाळाची समजूत निराळी आहे, कारण ती एका जिवंत माणसाबद्दल आहे आणि तो माणूस रोज समोर उभा असतो. पुरावा शोधायला जावं लागत नाही, तो आपल्या पायांनी चालत आलेला असतो. त्याला ‘देवमाणूस’ म्हणूनही विटाळ मानायचा, तर रोज सकाळी नव्यानं त्याच्याकडे न पाहणं भाग पडतं.

हे राखण्याचं काम किती कष्टाचं असतं ते महाडला दिसलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि तिथल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी आवई उठली आणि परिषदेच्या माणसांना मारहाण झाली. मारहाण हे कृत्य झालं, त्याचा दोष सगळेच मान्य करतील. मी थबकतो ते त्याच्या पुढच्या गोष्टीशी. तळं बाटलं म्हणून ते शुद्ध करण्यात आलं: १०८ घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतलं.

त्या घागरींनी कुणालाही शारीरिक इजा झाली नाही. कुणाला मारलं नाही, कुणाचं घर जाळलं नाही. तरीही मला त्या काठ्यांपेक्षा या घागरी जास्त भयंकर वाटतात. काठीमागे राग होता, असं निदान म्हणता येतं. घागरी भरणारी माणसं शांत होती, भाविक होती, आपण काही चांगलं करतो आहोत असं त्यांना वाटत होतं. त्याच तळ्यावर इतर धर्मांची माणसं पाणी भरत, गुरं पाणी पीत, आणि तळं बाटत नसे. हे शहराला ठाऊक होतं. एवढा धडधडीत पुरावा बाजूला सारून समजूत टिकवायची तर १०८ घागरींचा खटाटोप हवाच. जे पाणी प्याले त्यांच्यापर्यंत त्या घागरींचा अर्थ पोचला नसेल का? तुमच्या ओंजळीपेक्षा शेण शुद्ध, हा तो अर्थ. अपमान त्या समजुतीतच होता. विधीनं तो फक्त दाखवून दिला.

म्हणून ‘मनातच तर आहे’ हे मला पटत नाही. एखाद्या माणसाबद्दल तो कमी आहे, घाण आहे असं मानणं म्हणजे त्याच्याशी काही केलेलंच असतं. त्याला ते नजरेतून, आखडलेल्या हातातून कळतं. आणि कळलं नाही तरी त्याला जे देणं लागतं, माणूस म्हणून पाहणं, ते आपण बुडवलेलं असतंच.

इथे खुद्द बाबासाहेब मला अडवतात. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ मध्ये लिहिलेल्या आणि तिथे होऊ न शकलेल्या भाषणात ते म्हणतात की जात ही विटामातीची भिंत नव्हे, ती मनाची अवस्था आहे. जात पाळणारी माणसं दुष्ट म्हणून ती पाळत नाहीत, धर्मनिष्ठ म्हणून पाळतात. दोष त्यांना ही कल्पना शिकवणाऱ्या धर्माचा आणि शास्त्रांचा. ज्यानं सर्वाधिक सोसलं त्यानं इतकं उदार व्हावं, आणि मी आजीकडे बोट दाखवावं? या प्रश्नाशी मी पुष्कळ दिवस अडून होतो. पण त्याच भाषणात ते शास्त्रांचं पावित्र्य झुगारून द्या असं सांगतात. ते सांगणं कुणाला? त्याच माणसांना. समजूत सोडणं ज्याच्या आवाक्यातच नाही त्याला ती सोड असं कुणी म्हणत नाही. त्यांनी पाळणाऱ्यांना राक्षस ठरवलं नाही. समजुतीला मात्र निरपराध म्हटलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली, ती जाळण्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. ते ब्राह्मण होते. जे संस्कार इतरांवर झाले तेच त्यांच्याभोवतीही होते. समजूत ही हवापाण्यासारखी नुसती घडणारी गोष्ट असेल, तर सहस्रबुद्ध्यांना आपण मान कशाचा देतो? त्यांचं मोठेपण मानायचं असेल, तर जे हलले नाहीत त्यांच्या न हलण्याचाही हिशेब मांडावा लागेल. माझ्या आजीच्याही.

मी तो मांडायला घेतो तेव्हा हात जड होतो. ती सहा यत्ता शिकलेली, गावाबाहेर फारशी न गेलेली बाई. चूक थोडी हलकी होते, पुसली जात नाही. एकदा, मी कॉलेजात असताना, तिला सरळ विचारलं होतं, ‘आजी, तुला खरंच वाटतं का गं, त्याच्या हातानं काही होतं?’ ती तांदूळ निवडत होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘तसलं विचारू नये रे.’ नाही म्हणाली नाही, हो सुद्धा म्हणाली नाही. सुपातली तिची बोटं मात्र थांबली होती. तिला दिसलं होतं, असं मला तेव्हापासून वाटतं.

ती गेल्यावर घर आवरताना कपबशी कोनाड्यातच सापडली. तो माणूस त्याआधीच वारला होता. त्याचा मुलगा आता ठाण्याला असतो, माझ्याच वयाचा; लग्नाकार्यात भेटतो, आम्ही एका पंगतीत जेवतो. लहानपणी तो बापाबरोबर यायचा, पडवीच्या पायरीवर बसायचा. त्या कपाबद्दल त्याच्याशी बोलायचं मी दर वेळी ठरवतो. अजून बोललेलो नाही.