वाढून घ्यायला आधी शिका

मुलांना बाहेर खेळायला पाठवा आणि तुम्ही आईवडील मंडळी जरा इथे बसा. मला बोलायचं आहे ते तुमच्याशी. आठ वर्षांच्या पोराने चार गुलाबजाम घेऊन तीन टाकले, तर तो दोष पोराचा नाही. त्याच्या मागे उभं राहून ‘घे रे, अनलिमिटेड आहे’ असं सांगणाऱ्याचा आहे.

तुम्ही ठाणे, मुंबई, नाशिकहून जव्हारला येता याचा मला आनंदच आहे. दाभोशाचा धबधबा बघता, हनुमान पॉइंटवर उभं राहून दरी बघता, जयविलास राजवाड्यासमोर फोटो काढता. कोणी मोखाड्याकडे उतरून खोडाळा, सूर्यमाळपर्यंत जातं. जरूर यावं. पर्यटक आला की इथल्या चार घरांना हाताला काम मिळतं. तुम्ही उतरता तिथे नाश्ता आणि दोन वेळचं जेवण माणशी एका रकमेत धरलेलं असतं आणि जेवण बुफे असतं. तक्रार त्याचीही नाही.

उलट, बुफेच्या बाजूने बोलायचं झालं तर माझ्याइतकं ठामपणे कोणी बोलणार नाही. कुटुंब घेऊन बाहेर पडलं की जेवणाच्या टेबलावर काय होतं ते मी पुष्कळ पाहिलंय. आजोबांना मऊ भात आणि साधं वरण हवं, आजीला संकष्टी, बाबांना साखरेचा त्रास, धाकटीला तिखट चालत नाही आणि थोरल्याला चिकनखेरीज काही दिसत नाही. मेनूकार्ड हातोहात फिरतं, अर्धा तास ठरवण्यात जातो, पाऊण तास वाट बघण्यात, तोवर मुलं रडकुंडीला येतात. बुफेत हे सगळं मिटतं. खर्च आधी कळतो, शेवटी बिलावरून तोंडं वाकडी होत नाहीत. आणि वर्षभर सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खायला बसणारी घरातली बाई निदान दोन दिवस सगळ्यांच्या बरोबरीने, गरम गरम जेवते. या एका गोष्टीसाठीसुद्धा मी बुफेची बाजू घेईन. मुलांच्या दृष्टीनेही ती उत्तम शाळा आहे. आपल्याला भूक किती आहे ते ओळखायचं, आपल्या हाताने तेवढंच घ्यायचं, लागलं तर परत उठायचं. पंगतीत वाढपी ठरवतो. इथे डाव तुमच्या हातात असतो.

आणि डाव हातात आला की तुम्ही नापास होता.

मागच्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी बायकामुलांना घेऊन इथे उतरला होता. ‘बाई, तुम्हीही जेवायला या’ म्हणाला, म्हणून गेले. समोरच्याच टेबलावर एक कुटुंब बसलं होतं. त्यातलं एक ताट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. खाली जिरा राईसचा ढीग, त्याच्यावर ओतलेली पनीरची ग्रेव्ही, त्या ग्रेव्हीत नूडल्स कालवलेल्या, कडेला मोडलेला बटर नान, दोन पापड आणि पापडाखाली चेपलेला गुलाबजाम. मुलाने नूडल्सचे तीन-चार घास खाल्ले, ‘पोट भरलं’ म्हणाला आणि आईस्क्रीमकडे पळाला. वडिलांनी ते ताट कोपऱ्यातल्या टबात सरकवलं आणि स्वतःसाठी नवं कोरं ताट उचललं. मुलाला एका शब्दाने हटकलं नाही. आई फोनमध्ये दुपारचे फोटो बघत होती.

मागच्या मोरीवर पाड्यावरची एक बाई भांडी घासत होती. तिचा मुलगा माझ्या शाळेत होता, म्हणून मी मुद्दाम भेटायला गेले. ताटातलं खरकटं ती हाताने बादलीत लोटत होती. बादली काठोकाठ भरली होती आणि वरचा भात तर कोणी बोटही न लावलेला, पांढरा स्वच्छ. तिने मला विचारलं, बाई, आज जेवण बिघडलंय का? बिघडलं नव्हतं. चांगलं होतं, मी स्वतः जेवले होते. तिला काय उत्तर द्यायचं ते आता तुम्ही सांगा.

तुम्हाला सुचत नसेल, तर मी काही आकडे सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे दुपारच्या पोषण आहारात दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. त्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम. आम्ही शिक्षक ते मोजून देतो, वहीत लिहितो, हिशोब जुळला नाही तर जाब देतो. १०० ग्रॅम तांदूळ शिजला की अडीच-तीनशे ग्रॅम भात होतो. त्या ताटातून बादलीत गेला तो साधारण एवढाच होता. एका मुलाचं शाळेतलं जेवण! माझ्या वर्गात ताटलीला चिकटलेलं शितही बोटाने निपटून खाणारी मुलं होती आणि त्यांना ‘टाकू नका’ असं मला कधी सांगावं लागलं नाही.

तुम्ही येता कधी, तेही लक्षात घ्या. जुलै, ऑगस्ट. धबधबे भरलेले असतात, डोंगर हिरवे असतात, रिसॉर्टमध्ये खोली मिळत नाही. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तुम्ही ज्यांचे फोटो काढता, ती गुडघाभर चिखलात वाकलेली माणसं आवणी करत असतात. भाजलेल्या राबावर टाकलेलं रोप उपटून खाचरात भात लावायचा, वरच्या उतारावर नागली आणि वरई लावायची. हे पीक हाताशी येतं दिवाळीच्या सुमाराला. मागच्या वर्षीचं धान्य तोवर संपलेलं असतं. दिवाळीनंतर घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जगायला जातात, पावसाळ्याच्या तोंडावर परततात आणि आणलेली मजुरी बियाण्यात आणि उधारी फेडण्यात जाते. म्हणजे तुमचा हंगाम ऐन भरात असतो, तेव्हा पाड्यावरची कणगी तळाला गेलेली असते. मुलांची वजनं याच महिन्यांत घसरतात. अंगणवाडीच्या ताईंना विचारा.

हे आजचं नाही. १९९२-९३ मध्ये याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालकं दगावली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कुपोषण हा शब्द पाठ झाला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी पुन्हा वर्तमानपत्रांची पानं भरली आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली. २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजना चालू आहे. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत दिवसातून एक वेळ चौरस जेवण, लहान मुलांना अंडं किंवा केळी. एक अंडं पोटात जावं म्हणून सरकारला योजना काढावी लागते, अशा तालुक्यात तुम्ही अर्धं खाल्लेलं ऑम्लेट बादलीत टाकून दरीचे फोटो काढायला निघता.

आता तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. ‘आम्ही पैसे भरलेत.’ भरलेत ना, मग पोटभर जेवा. चार वेळा उठा, पाच वेळा उठा, कोणी अडवणार नाही. पण पैसे भरून तुम्ही जेवण विकत घेतलंत, टाकून देण्याचा हक्क नाही. शिवाय तो हिशोबही तुम्हाला कळलेला नाही. कुठलंही भांडं रिकामं दिसलं की तुम्ही काउंटरवर जाऊन आवाज चढवता. त्या धाकाने आचारी शेवटच्या माणसापर्यंत सगळी भांडी भरलेली ठेवतो. जास्तीचं शिजतं, उरतं, फेकलं जातं आणि त्याची किंमत तुमच्याच माणशी दरात धरलेली असते. ‘वसूल’ करायला निघालेला माणूस स्वतःच्याच खिशातून बादली भरत असतो.

दुसरं उत्तर याहून हुशार असतं. ‘आम्ही टाकलं नाही म्हणून पाड्यावरच्या पोराच्या पोटात काही पडणार आहे का?’ नाही पडणार. तुमचं उष्टं तिथे जाणारही नाही आणि जाऊही नये, ती माणसं आहेत. पण तुमच्या पैशाचं काय? तो पैसा पनीर, नूडल्स आणि आईस्क्रीमच्या रूपाने शहरातून ट्रकने आला आणि बादलीतून गेला. त्यातला थोडा नागली पिकवणाऱ्याकडे गेला असता. बुफेवर नजर टाका. जव्हारचं त्यात काय असतं? नागलीची भाकरी नाही, उडदाची आमटी नाही, वरईचा भात नाही. पावसाळ्यात या रानात कोळू, टाकळा, शेवळं, करटोली येतात. बायका पहाटे उठून, डोंगर चढून त्या आणतात आणि बाजारात वाटे लावून बसतात. तुमची मुलं दोन दिवस इथे राहतात आणि घराशेजारच्या हॉटेलात मिळतं तेच खाऊन परत जातात. हे खाणं मागा. तुम्ही चार कुटुंबांनी मिळून आदल्या दिवशी सांगितलं, तर मालक जवळच्या बचत गटाकडून भाकऱ्या मागवेल. मागितलंच नाही तर तो पनीरच करणार, त्याला दोष देऊ नका.

तब्येतीचंही ऐकून ठेवा. गरम ठेवलेलं अन्न ६० अंश सेल्सियसच्या खाली येता कामा नये. त्याखाली, विशेषतः शिजवलेल्या भातात, जंतू झपाट्याने वाढतात. भांड्याखालची मेणबत्ती विझलेली आहे, झाकण उघडंच आहे, वाफ निघत नाही, तर तो भात घेऊ नका. गरम आणायला सांगा. आणि सकाळी नाश्त्याला पुरी, डोसा, पास्ता, पेस्ट्री असं सगळं एकदम कोंबून मुलाला घाटाच्या वळणांवर गाडीत बसवायचं, मग ते ओकलं की ‘इथलं पाणी बाधलं’ म्हणायचं, हे बंद करा. पाण्याला दोष देता, तेव्हा एवढं लक्षात असू द्या की मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात कोचाळ्याला आहे आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघत असतात. दोन घोट पिऊन टेबलावर सोडलेल्या बाटल्या मी मोजल्या नाहीत, पण पाहिल्या आहेत.

जगभर हेच चाललंय असं म्हणून सुटू नका. चाललंय खरं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये हिशोब दिला की २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला २८ टक्के वाटा हॉटेल-खानावळींसारख्या जेवण पुरवणाऱ्या ठिकाणांचा होता. सगळ्यात मोठा, ६० टक्के वाटा घरांचा. म्हणजे ही खोड बुफेवर लागत नाही, घरून येते. पण ती मोडताही येते. नॉर्वेतल्या हॉटेलांमध्ये दोन संशोधकांनी बुफेची ताटं फक्त लहान केली. दुसऱ्या काही हॉटेलांत ‘थोडं घ्या, पुन्हा या’ अशी पाटी लावली. दोन्हीकडे वाया जाणारं अन्न सुमारे २० टक्क्यांनी कमी झालं. हे २०१३ साली छापून आलं आहे. परक्या माणसाच्या पाटीने तिथला पाहुणा सुधारतो, मग तुमच्या पोराला तुमच्या शब्दाने का सुधारता येऊ नये? तुम्ही तो शब्द उच्चारतच नाही. सुट्टीत मुलाला बोलायचं नाही, असं तुम्ही ठरवून आलेले असता. सुट्टी शाळेला असते, वळणाला नाही.

तर आता लिहून घ्या. खोली ठरवतानाच किती माणसं जेवणार, त्यात मुलं किती, उपास कोणाचा, हे फोनवर सांगा. कुटुंब लहान असेल तर बुफेचा हट्टच धरू नका. जव्हारात सकाळी सांगितलं की दुपारी तेवढ्याच माणसांचं ताजं जेवण करून देणारी घरं आणि खानावळी आहेत. बुफेला गेलात, तर मुलाच्या हातात लगेच ताट देऊ नका. आधी त्याला रिकाम्या हाताने सगळ्या भांड्यांवरून एक फेरी मारायला लावा, काय काय आहे ते वाचू द्या, मग दोन पदार्थ निवडायला सांगा. नवीन पदार्थ एक चमचा. आवडला तर परत. मोठ्यांनीही तेच करायचं, मुलं तुमच्या ताटाकडे बघून शिकतात. पोट भरलेल्या पोराच्या तोंडात घास कोंबू नका, त्याने काही साधत नाही. उरलेलं तुम्ही खा, नाहीतर डबा बरोबर ठेवा आणि चार वाजता त्यालाच द्या. आणि इतकं करूनही ताटात राहिलंच, तर ते टबात सरकवून मोकळे होऊ नका. मुलाचा हात धरून ते ताट मोरीपर्यंत त्याला स्वतः न्यायला लावा आणि तिथे बसलेल्या बाईच्या हातात द्यायला लावा. ती काही विचारेल. उत्तर त्याला देऊ द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.