जिना न चढलेला सेनापती

पालघरहून मनोरकडे जाताना वाघोबा खिंड उतरली की मासवण लागतं. पश्चिमेला केळवे-माहीम, शिरगाव आणि तारापूरचे किल्ले, पूर्वेला अशेरी. 1739 च्या आरंभी चिमाजी अप्पांच्या मोहिमेने हा सारा टापू पोर्तुगीजांच्या हातून काढून घेतला. वसईच्या विजयापुढे हे किल्ले तळटिपेत जातात. माझ्या मते सेनापती म्हणून अप्पा इथेच घडले.

सेनापतीचं चरित्र आपण जिन्यासारखं वाचतो: शिपाई, जमादार, सरदार. अप्पांना तो जिना नव्हताच. 1707 चा जन्म, बाप पेशवा, मग थोरला भाऊ पेशवा. 1728 मध्ये अमझेऱ्याला माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर त्यांच्या फौजेपुढे पडला, तेव्हा अप्पांचं वय एकविशीचं. याच काळात मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे मात्र खालून वर येत होते. मल्हारराव मामाच्या आश्रयाला वाढलेले, राणोजी कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले. कुणाचीच शिफारस नसलेल्यांसाठी मराठी फौजेत दार उघडं होतं, हे त्या काळाचं खरं वैशिष्ट्य. पण सगळ्यात वरची जागा पेशव्यांच्या भट घराण्याचीच.

मग न चढलेला माणूस शिकतो कुठे? हरून शिकतो. 1737 मध्ये ठाणं आणि साष्टी झटक्यात मिळाली, पण वसईवर शिड्या लावून केलेले हल्ले फसले. दुसऱ्या खेपेला अप्पा वसईला हात न लावता आधी उत्तरेचा किनारा साफ करत गेले. 1739 च्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव पडले. तारापुरावर झुंज इतकी कडवी झाली, की बाजी भिवराव रेठरेकरांसारखा जिवाभावाचा सरदार गोळी लागून गेला. मग अशेरी. वसईला कुमक येण्याची एकेक वाट अशी बुजवून फेब्रुवारीत वेढा बसला. ‘निदान माझं डोकं तरी तोफेने किल्ल्यात टाका’ ही अप्पांची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ. मला ती दंतकथाच वाटते. ज्याने तटाखाली सुरुंग खणत महिनोन्‌महिने कळ काढली, त्याच्या स्वभावाशी ती जुळत नाही. मे महिन्यात सुरुंगांनी बुरूज उडाले आणि किल्लेदार तहाला आला. त्या वेढ्यात शिंदे-होळकरही होते.

आजच्या सैन्यात जिना पक्का आहे, तरी शेवटची पायरी सरकारच्या हाती असते. 1961 मध्ये लष्करप्रमुख थिमय्यांनंतर कोल्हापूरकडच्या शंकरराव थोरातांचं नाव चर्चेत होतं. पद थापरांना मिळालं. 1983 मध्ये अलिबागचे अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख झाले ते ज्येष्ठ असलेल्या सिन्हांना डावलून. वैद्यांची योग्यता वादातीत, 1965 आणि 1971 असं दोनदा महावीर चक्र, तरीही.

अप्पा 1740 च्या डिसेंबरात गेले. मुलगा सदाशिवरावभाऊ तेव्हा दहा वर्षांचा. त्यालाही जिना चढावा लागला नाही. 1760 मध्ये उदगीरची लढाई जिंकली आणि लगेच उत्तरेची मोहीम त्याच्याकडे आली. हाताखाली मल्हारराव, साठी ओलांडलेले. बुणगे आणि जड तोफा मागे ठेवून गनिमी काव्याने लढावं, असं त्यांचं मत होतं. भाऊंनी ते मानलं नाही.

बापाला वसईसमोर पहिल्यांदा हरायला आणि पुन्हा यायला वेळ मिळाला होता. पानिपतावर मुलाला तो मिळाला नाही.